कॉम्प्युटर महिनोन्‌महिने चालू ठेवला तर पार्ट खराब होतात का? (आपल्याकडचं ऊन, धूळ आन् लाईट धरून सांगा)

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, शिष्यवृत्ती, सगळंच करतो. वर पत्रे, खाली एक डेस्कटॉप, एक प्रिंटर, एक झेरॉक्स. सीझनला दिवसा पोर्टल हलत नाही म्हणून रात्री बारानंतर अपलोड लावावं लागतं आन् सकाळी सातलाच शेतकरी दारात उभे, त्यामुळं मशीन बंद करायची वेळच येत नाही.

आता मदरबोर्ड गेलाय. मेकॅनिक म्हणतो, चोवीस तास चालू ठेवता मग जाणारच, मशीनला बी आराम लागतो. चुलतभाऊ पुण्यात आयटीत आहे, त्याला फोन लावला तर तो म्हणतो सर्व्हर वर्षानुवर्षं बंद होत नाहीत, उलट रोज बंद-चालू केल्यानंच पार्ट जातात. दोघंबी अनुभवी आन् दोघंबी ठाम. मला आता दुसरं मशीन घ्यायचंय, सेकंडहँडच घेणार, म्हणून नुसतं मत नको, कारण सांगा. चालू ठेवल्यानं नेमकं काय झिजतं? ज्यांनी मशीन उघडून बघितलेत त्यांनी जरूर लिहा.

औंढ्याचा:
रोज रात्री बंद करायचं आन् बोर्डवरचं बटन बी बंद करायचं. आमच्या घरचं मशीन असंच वापरलं, कधी मेकॅनिककडं न्यावं लागलं नाही.

पैठणचा पाहुणा:
मी तर कधीच बंद करत नाही, नुसता मॉनिटर बंद करतो. माझं बी मेकॅनिककडं गेलं नाही. आता सांगा 😀

रिपेअरिंग_नांदेड:
गोदाकाठ भाऊ, टेबलावर जे येतं ते सांगतो. आमच्याकडं सगळ्यात जास्त येतो एसएमपीएस, म्हणजे बाहेरची लाईट घेऊन आतल्या पार्टांना पुरवणारी पेटी. त्याच्या खालोखाल पंखे आन् हार्डडिस्क. मग मदरबोर्ड. प्रोसेसर गेलेला तर क्वचितच, तोबी बहुतेक वेळा पिन वाकवल्यानं किंवा व्होल्टेजनं गेलेला असतो, वापरून झिजला म्हणून नाही. म्हणजे "मशीन थकतं" हे एका अर्थानं खरं बी आहे आन् खोटं बी. त्यातले काही पार्ट तासांवर झिजतात, काही झिजतच नाहीत.

तासांवर झिजणारा मुख्य पार्ट म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, ते छोटे डब्यासारखे उभे असतात ते. आत पातळ रसायन असतं, ते गरमीनं हळूहळू सुकतं. डब्यावर लिहिलेलं असतं १०५ डिग्री, आन् कंपनीच्या कागदावर त्या तापमानाला किती तास ते असतं, साध्या मालाला २,००० तास. ढोबळ नियम असा की तापमान १० डिग्रीनं उतरलं की आयुष्य दुप्पट. आता हिशोब करा. एसएमपीएसच्या आत ६५ डिग्री असेल तर २,००० चे चार वेळा दुप्पट, ३२,००० तास. न थांबता चालवलं तर साडेतीन वर्षांच्या थोडं पुढं. तेच आत ७५ झालं, कारण बाहेर मे महिना, वर पत्रे आन् पंखा धुळीनं जाम, तर १६,००० तास, म्हणजे दोन वर्षं बी नाही. मशीन तेच, तासही तेच, नुसत्या १० डिग्रीनं निम्मं आयुष्य गेलं.

मागच्या आठवड्यात एका जिनिंगच्या ऑफिसातलं मशीन आलं. कव्हर काढलं तर प्रोसेसरच्या हीटसिंकवर (गरमी बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) कापसाचा थर बसलेला, बोटानं उचलला तर अख्खा चौकोन निघून आला, पट्ट्यांचे वळ उमटलेले. खाली पंखा फिरत होता पण हवा जायला जागाच नव्हती. बाजूचे तीन कपॅसिटर वरून फुगलेले, एकाच्या डोक्यावरच्या फुलीतून तपकिरी खरपुडी बाहेर आलेली. त्या मालकांना बी कुणीतरी "जास्त वेळ चालू ठेवता" असंच सांगितलं होतं.

जालना_जिनिंग:
कापसाचं सोळा आणे खरं. सीझनला मशीनच्या तोंडावर आम्ही जुन्या साडीचा तुकडा बांधायचो.

रिपेअरिंग_नांदेड:
@जालना_जिनिंग, साडी नको दादा. धूळ थांबते पण हवा बी थांबते. त्यापेक्षा मशीन जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा आन् सीझनला दर महिन्याला ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवायची, नाहीतर हवेनं पंखा गरगरा फिरतो आन् बेरिंग खराब होते. आन् एसएमपीएस घरी उघडू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरात प्लग काढल्यावर बी ३०० च्या वर व्होल्ट काही वेळ शिल्लक राहतात.

मांजराकाठ:
मी मूळचा केज तालुक्यातला, सध्या पुण्यात एका डेटा सेंटरवर काम करतो. गोदाकाठ दादांच्या चुलतभावाची बाजू मांडतो.

पार्ट गरम होतो तेव्हा प्रसरण पावतो, थंड झाला की आकुंचन. मदरबोर्डची पाटी वेगळ्या मालाची, चिप वेगळ्या मालाची, दोन्ही सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. मध्ये जो सोल्डरचा जोड आहे त्याच्यावर दरवेळी ताण येतो आणि कधीतरी बारीक तडा जातो. उगाच पुस्तकी सांगत नाही, याची मोठी उदाहरणं आहेत. एक्सबॉक्स ३६० चे गेम कन्सोल लाल दिवे लावून बंद पडायला लागले, मायक्रोसॉफ्टला २००७ साली वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरच्या वर रक्कम बाजूला काढावी लागली. पुढच्याच वर्षी एनव्हिडियानं लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला ठेवले. दोन्हीकडं गरम-थंडच्या फेऱ्यांत कमकुवत पडलेले जोड हेच मूळ दुखणं.

आमच्याकडं सर्व्हर वर्षानुवर्षं चालतात हे खरंच आहे. ठरवून बंद करायची पाळी आली की सगळे धास्तावलेले असतात, कारण जुन्या डिस्का फिरत असतात तोवर फिरतात, एकदा थांबल्या की परत उठतीलच याची खात्री नसते.

औंढ्याचा:
म्हणजे विहिरीवरच्या मोटारीसारखंच झालं की. चालू असते तवर ठीक, जळते ती स्टार्टर दाबतानाच.

निवृत्त_वायरमन:
मोटर स्टार्टर दाबताना जळत नाही बाळा, एक फेज गेलेला असताना दाबला म्हणून जळते. लाईटीचं मी उद्या सविस्तर लिहितो, आज लग्नाला आलोय.

रिपेअरिंग_नांदेड:
मांजराकाठ सर, तुमचा मुद्दा खरा, पण ती उदाहरणं जाळ काढणाऱ्या चिपची आहेत. गेम खेळताना ग्राफिक्स चिप ९० च्या घरात जाते आन् बंद केल्यावर खोलीच्या तापमानावर येते, मोठा फरक पडतो. फॉर्म भरायच्या मशीनमध्ये प्रोसेसर ४५-५० च्या पुढं जात नाही आन् मे महिन्यात खोलीच ४० असते. फरकच दहाचा, तर दिवसाला एकदा बंद-चालू केल्यानं जोडाला काय होणार? आन् तुमच्या डेटा सेंटरात हवा किती डिग्रीची असते ते बी सांगा की.

मांजराकाठ:
बरोबर विचारलंत. तिथं मशीनच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ डिग्रीत ठेवावी अशी शिफारस असते. हवा गाळून येते, प्रत्येक सर्व्हरला दोन एसएमपीएस असतात, एक गेला तर दुसरा उचलतो, आणि पंखा चालू मशीनमध्येच बदलता येतो. पत्र्याखालच्या दुकानाशी त्याची बरोबरी होत नाही हे मला मान्य आहे. पण चालू ठेवल्यानं मशीन मरतं हे विधानही तसंच सोडता येत नाही. सर्वात जास्त काळ न थांबता चाललेला कॉम्प्युटर नासाच्या व्हॉयेजर २ अवकाशयानावर आहे, १९७७ पासून.

पैठणचा पाहुणा:
तिथं लाईट जात नाही ना पण 😄

तुळजापूरकर:
आन् धूळ बी नाही!

लॅबवाल्या बाई:
मी अंबाजोगाईजवळ एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. आमच्या लॅबचा अनुभव दोन्ही बाजूंपेक्षा वेगळा आहे. आमची मशीन रोज चार वाजता रीतसर बंद होतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तर दीड महिना कुणी हातही लावत नाही. तरी जूनमध्ये शाळा उघडली की दोन-तीन तरी उठतच नाहीत. मुलं पहिल्याच दिवशी हिरमुसतात, एका मशीनवर चार-चार जणांना बसवावं लागतं. बंद ठेवल्यानं मशीन टिकतं असं मला तरी दिसलेलं नाही. यामागं काय असावं?

रिपेअरिंग_नांदेड:
बाई, तुमच्याकडं तीन गोष्टी होत असणार. पहिली, मदरबोर्डवरचा गोल सेल, सीआर२०३२. मशीन प्लगला लावलेलं असतं तेव्हा त्या सेलवर भार येत नाही, मेन बटन बंद असलं की घड्याळ त्याच्यावर चालतं. सुट्टीत तो उतरतो, मग तारीख २००० साल दाखवणं, बूटच न होणं असे प्रकार. बाजारात सहज मिळतो, पोरांसमोरच बदलून दाखवा. दुसरी, उन्हाळाभर बसलेली धूळ पहिल्या पावसाच्या दमट हवेत ओल धरते आन् रॅमच्या पट्टीवर थर येतो. रॅम काढायची, सोनेरी कडेला पेन्सिलचं खोडरबर हलक्या हातानं फिरवायचं, परत घट्ट बसवायची. निम्मी मशीन इथंच उठतील. तिसरी, साध्या बेरिंगच्या पंख्यातलं तेल गरमीत सुकून घट्ट होतं, आन् महिनाभर थांबलेला पंखा सुरूच होत नाही. सुट्टीत पंधरा दिवसांतून एकदा शिपायाला सांगून तासभर चालू ठेवा, फरक पडेल.

लॅबवाल्या बाई:
खूप आभार. खोडरबराचं मुलांकडूनच करून घेईन, त्यांना फार आवडेल.

हिंगोलीचा फिटर:
मी सीसीटीव्ही बसवतो. गावोगावच्या सोन्याच्या दुकानांत, कृषी केंद्रांत डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं मशीन) लावलेत, ते कुणीच कधी बंद करत नाही. डीव्हीआरच्या बोर्डाला सहसा काही होत नाही, अडॅप्टर जातो नाहीतर डिस्क जाते. आन् डिस्कचा एक धडा सगळ्यांनी लक्षात ठेवावा. सगळ्या हार्डडिस्का सारख्या नसतात. डेस्कटॉपच्या साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात कंपनीच वर्षाला २,४०० तासांचा हिशोब धरते, म्हणजे दिवसाला साडेसहा तास. कॅमेऱ्याच्या आन् नासच्या (नेटवर्कवरून डेटा साठवायच्या मशीनच्या) डिस्कला ८,७६० तास धरलेले असतात, म्हणजे अख्खं वर्ष. साधी डिस्क डीव्हीआरमध्ये टाकून पैसे वाचवणारे गिऱ्हाईक दीड-दोन वर्षांत परत येतात. म्हणून गोदाकाठ भाऊ, चोवीस तास ठेवणार असाल तर डिस्क तरी त्या कामाची घ्या.

मांजराकाठ:
हे फारच उपयोगाचं सांगितलंत. डिस्कबद्दल अजून एक, गुगलच्या लोकांनी २००७ साली स्वतःच्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला होता. डिस्क जेवढी गरम तेवढी लवकर मरते असं सगळे धरून चालायचे, पण त्यात नातं तेवढं सरळ निघालं नाही. नव्या डिस्कांवर गरमीचा फारसा परिणाम दिसला नाही, तीन वर्षांच्या पुढच्या जुन्या डिस्कांवर मात्र दिसला. म्हणून सेकंडहँड मशीन घेताना जुनी डिस्क ठेवूच नका, ती बॅकअपलासुद्धा वापरू नका. लोकांची कागदपत्रं असतात तुमच्याकडं.

गोदाकाठ:
हेच माझ्या मनात होतं. डिस्क गेली तर माझं नुकसान एकवेळ चालेल, पण एखाद्याची विम्याची पावती गेली तर त्याला परत तालुक्याला हेलपाटा. एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, टाकली तर? ती तर फिरतच नाही.

मांजराकाठ:
एसएसडीच टाका. ती तासांवर झिजत नाही, लिहिण्यावर झिजते. किती टेराबाइट लिहून होईपर्यंत वॉरंटी ते पाकिटावर नाहीतर वेबसाइटवर असतं, फॉर्म भरून तो आकडा गाठणं अवघड आहे. तिला भीती आहे ती लिहिता लिहिता लाईट जाण्याची.

पण "तासांवर झिजत नाही" याला एक अपवाद झाला, तो सांगतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीनं जाहीर केलं की त्यांच्या सर्व्हरमधल्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर मरतात, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास. त्या तासाला सगळा डेटा गायब. पार्ट झिजला नव्हता, आतल्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे एसएसडी चालवणाऱ्या तिच्याच सॉफ्टवेअरमध्ये, चूक होती. ३२,७६८ म्हणजे २ चा पंधरावा घात, त्यावरून तास मोजणारा आकडा भरून वाहिला असणार हे दिसतं. ज्या सर्व्हरमध्ये सगळ्या एसएसडी एकाच दिवशी बसवलेल्या, तिथं त्या मरणारही एकाच दिवशी, मग दोन प्रती ठेवल्याचा उपयोग काय? नवं फर्मवेअर टाकायलाच लागलं. तसंच जुन्या विंडोज ९५ आणि ९८ चं, ४९.७ दिवस सलग चालू राहिलं की मशीन अडकायचं, कारण मिलिसेकंद मोजणारा आकडा तेवढ्यातच भरायचा.

पैठणचा पाहुणा:
विंडोज ९८ सलग ४९ दिवस चालवून दाखवणारा माणूस भेटला तर त्याचा सत्कार करू आपण, शाल-श्रीफळ माझ्याकडून.

नीट_लातूर:
लॅपटॉपचं पण सांगा ना कोणीतरी. मी लातूरला क्लासला आहे, रूमवर लेक्चर बघायला लॅपटॉप दिवसभर चार्जिंगला लावूनच असतो, गादीवर. आता टचपॅड वर आलंय, बटन दाबत नाही. रूममेट म्हणते आत बॅटरी फुगली. घरी अजून सांगितलं नाही, परीक्षेपर्यंत असंच वापरू का?

रिपेअरिंग_नांदेड:
ताई, आजच वापर थांबव आन् चार्जर काढ. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, बॅगेत पुस्तकांखाली घालायची नाही. दुकानात नेऊन बॅटरी काढून घे, बऱ्याच लॅपटॉपला बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालवता येतं, त्यावर परीक्षेपर्यंत निभेल. आन् घरी आजच सांग, कुणी रागावणार नाही. नवी बॅटरी टाकल्यावर सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते ती लाव. लिथियमच्या बॅटरीला पूर्ण भरलेलं राहणं आन् गरमी दोन्ही एकत्र सोसत नाही. आन् गादीवर ठेवू नको, खालची जाळी झाकली जाते. पाटावर ठेव.

नीट_लातूर:
बाबांना फोन केला. उद्या येतायत. धन्यवाद काका 🙏

तुळजापूरकर:
बिलाचं कुणीच बोललं नाही. साधा डेस्कटॉप नुसता चालू असला तरी मॉनिटर सोडून ६० वॅट धरा. दिवसाला १.४४ युनिट, महिन्याला ४३ युनिट. युनिटमागं १० रुपये धरले तरी ४३० रुपये, वर्षाला पाच हजारांच्या पुढं. तेवढ्यात चांगली एसएसडी येते. स्लीपला टाकलं तर २-३ वॅट, महिन्याला दोन युनिट. पार्ट झिजतात का नाही तो वाद नंतर, खिसा तर झिजतोच.

गोदाकाठ:
दुकानाचा मीटर व्यापारी आहे, दर अजून वर जातो. पण रात्रीचं अपलोड?

तुळजापूरकर:
अपलोड काय रोज बाराही महिने असतं का? सीझनला ठेवा की चालू. बाकी दिवशी स्लीप.

निवृत्त_वायरमन:
आता मी लिहितो. पस्तीस-चाळीस वर्षं खांबावर काढलीत, कॉम्प्युटर मला फारसा कळत नाही पण त्याच्यात जाणारी लाईट कळते. तुम्ही सगळे चालू का बंद यावर बोलायलात, पण तिसरी गोष्ट म्हणजे लाईट जाणं आन् येणं. गोदाकाठ, तुझं मशीन "महिनोन्‌महिने चालू" नाहीच. ते दिवसातून चार वेळा दांडी मारतं आन् चार वेळा उठतं, तू बटन दाबत नाहीस एवढंच.

लाईट येते त्या मिनिटाला काय होतं बघ. गल्लीतले सगळे फ्रिज, कूलर, पाण्याच्या मोटारी एकदम उठतात. व्होल्टेज खाली बसतं, मग काही मोटारी ट्रिप होतात तसं वर उडतं. ते पहिले काही मिनिटं सगळ्यात वाईट. म्हणून लाईट आली की पाच मिनिटं मशीन लावायचंच नाही. पोरगा सांगत होता की मशीनच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) लाईट आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग असते, ती बंदच ठेव.

त्याहून वाईट म्हणजे न्यूट्रल तुटणं. वादळात डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल ढिली झाली की तुझ्या दुकानात २३० च्या जागी ३०० नाहीतर ३५० येऊ शकतात, दोन फेजमधलं व्होल्टेज ४०० असतं ना. बल्ब एकदम पांढरे फटक पडले, पंखा सुसाट सुटला, की पळत जाऊन मेन पाडायचा, विचार करत बसायचं नाही.

आन् अर्थिंग. आपली जमीन काळी. पावसाळ्यात ओली असते तवर अर्थिंग झकास, पण एप्रिल-मेत हातभर भेगा पडतात, पाइपभोवतीची माती सुटते, अर्थिंग नुसती नावाला राहते. अर्ध्या दुकानांत तर थ्री-पिनची मोठी पिन मोडून टाकलेली असते. तुझ्या मशीनच्या लोखंडी कॅबिनेटला हाताची मागची बाजू लावून बघ, मुंग्या आल्यासारखं होतं का?

गोदाकाठ:
काका, होतं! उन्हाळ्यात नेहमी होतं. प्रिंटरची यूएसबी लावताना तर बोटाला चांगलाच चटका बसतो. मला वाटायचं मशीनचं असंच असतं.

रिपेअरिंग_नांदेड:
काकांनी मुळावर बोट ठेवलं. एसएमपीएसमध्ये लाईटीतला गोंधळ (नॉइज) गाळायला फिल्टर असतो, त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आन् न्यूट्रलमधून कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग असलं तर ती बारीक गळती जमिनीत जाते. नसलं तर कॅबिनेटवर निम्मं व्होल्टेज, ११० च्या आसपास उभं राहतं. करंट अगदी कमी म्हणून माणसाला नुसत्या मुंग्या, पण यूएसबी लावताना तोच करंट पोर्टमधून जातो. आमच्याकडं यूएसबी पोर्ट जळलेले बोर्ड आले की मी आधी विचारतो, कॅबिनेटला टेस्टर लावला तर पेटतो का.

निवृत्त_वायरमन:
आन् विजेचं विसरू नका. अवकाळीत आन् मिरगाच्या तोंडावर आपल्याकडं विजा किती पडतात सगळ्यांना माहिती. कडकडाट सुरू झाला की प्लग उपटून ठेवायचा, नुसतं बटन बंद करून भागत नाही. तोच एक वेळ असा की बंद केलेलं मशीन बी जातं. पण वीज डोक्यावर आल्यावर हात लावायला जाऊ नका, लांब असतानाच काढून ठेवा.

हिंगोलीचा फिटर:
काकांच्या बोलण्यात भर, नेटची तांब्याची वायर बी काढायची. छतावरून ओढलेली लॅन केबल असली तर वीज तिच्यातून आत येते आन् लॅन पोर्टसकट बोर्ड नेते. फायबर असलं तर फायबरमधून येत नाही, पण नेटच्या डब्याचा अडॅप्टर प्लगला असतोच.

मांजराकाठ:
एक प्रश्न. दुकानात इन्व्हर्टर आहे का यूपीएस? इन्व्हर्टरच्या मागं "यूपीएस" आणि "नॉर्मल" असं बटन असतं. नॉर्मलवर असेल तर लाईट गेल्यावर बदलायला जास्त वेळ घेतो. चांगल्या एसएमपीएसमध्ये १६-१७ मिलिसेकंद तग धरायची ताकद असते, जुन्या सुकलेल्या कपॅसिटरच्या एसएमपीएसमध्ये तेवढीही उरत नाही, मशीन रिस्टार्ट मारतं.

गोदाकाठ:
इन्व्हर्टर आहे. बटन नॉर्मलवर होतं, आत्ताच यूपीएसवर केलं.

आन् सगळ्यांचं वाचून दोन दिवसांत जे केलं ते सांगतो. जुना मदरबोर्ड मेकॅनिककडून परत आणला आन् नीट बघितला. प्रोसेसरजवळचे दोन कपॅसिटर फुगलेले, नांदेडच्या दादांनी सांगितलं तसेच, आन् समोरचा एक यूएसबी पोर्ट आतून काळा. जुन्या डिस्कची माहिती सॉफ्टवेअरनं काढली, एकतीस हजार तासांच्या वर चाललीय, आन् खराब सेक्टर बी दाखवायलंय. त्यातला सगळा डेटा आधी उतरवून घेतला. मग इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं मीटर लावला तर फेज-न्यूट्रल २३४, फेज-अर्थ १९० च्या आसपास आन् न्यूट्रल-अर्थ ४० च्या वर. काका, हे किती असायला पाहिजे?

निवृत्त_वायरमन:
न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट. पाच म्हणजे डोक्यावरून पाणी. ४० म्हणजे तुझ्याकडं अर्थिंग नाहीच असं धर. आजच्या आज काम लाव.

औंढ्याचा:
मग गोदाकाठ भाऊंचा मेकॅनिक खरा का चुलतभाऊ?

रिपेअरिंग_नांदेड:
माझं मत सांगतो. चुलतभाऊ सर्व्हरबाबत खरा, मेकॅनिक डिस्कबाबत थोडासा खरा. पण हा बोर्ड गेला तो गरमी आन् अर्थिंगनं. हेच मशीन, हेच तास, थंड खोलीत आन् धड लाईटीवर असतं तर अजून चाललं असतं. आन् पत्र्याखाली, असल्या अर्थिंगवर रोज रात्री बंद केलं असतं तरी फार तर वर्ष-दीड वर्ष जास्त निघालं असतं.

लॅबवाल्या बाई:
दादा, मी थोडी असहमत. वर्ष-दीड वर्ष म्हणजे कमी नाही. आमच्यासारख्या शाळेला मशीन बदलून मिळायला किती फेऱ्या माराव्या लागतात ते आम्हालाच माहिती. जिथं रात्री काम नाही तिथं बंदच करावं.

रिपेअरिंग_नांदेड:
बाई, तेबी खरं. काम नसताना चालू ठेवा असं माझंबी म्हणणं नाही. ज्याला चालू ठेवावं लागतं त्यानं घाबरू नये एवढंच.

मांजराकाठ:
अजून एक राहिलं. विंडोज ८ पासून पुढं "शट डाउन" केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि तसाच परत उठतो, त्याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. त्यामुळं रोज बंद करूनही मशीन हळू चालत असेल तर आठवड्यातून एकदा "रिस्टार्ट" दाबा, तेव्हाच सगळं नव्यानं सुरू होतं. चालू ठेवणाऱ्यांनीही रविवारी रिस्टार्ट मारावं. पार्टसाठी नाही, रॅम अडकून बसलेली मोकळी होते म्हणून.

पैठणचा पाहुणा:
हे आत्ता करून बघितलं. टास्क मॅनेजरमध्ये अपटाइम बघून चक्कर आली. क्रोम पटकन उघडलं राव.

गोदाकाठ:
ठरलं मग. मशीन सेकंडहँड पण एसएमपीएस नवा, चांगल्या कंपनीचा. एसएसडी नवी. टेबलावर, भिंतीपासून वीतभर लांब. पत्र्याखाली थर्माकोलचं सीलिंग मारून घेतो, माणसांना बी बरं पडेल, शेतकरी तासन्‌तास बसून असतात. सीझनला रात्री चालू, बाकी दिवशी स्लीप. अर्थिंगचा खड्डा उद्या खांदायला घेतोय दुकानामागं. काका, किती खोल घेऊ आन् आत काय टाकू?

निवृत्त_वायरमन:
आठ-दहा फूट तरी जाऊ दे, ओल लागेपर्यंत. जीआय पाइप घे, भोवती कोळसा आन् मिठाचे थर आलटून पालटून. वर नरसाळं ठेवून विटांचं छोटं चौकट बांध म्हणजे पाणी टाकता येईल, उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या टाकत जा. वायर पाइपला नटबोल्टनं घट्ट आवळ, नुसती गुंडाळू नको. झाल्यावर मीटर लावून न्यूट्रल-अर्थ इथं लिही, पाचच्या वर आलं तर दुसरा खड्डा घ्यावा लागेल आन् दोन्ही जोडावे लागतील.